म्यान आणि मन

मनुष्याने पहिले शस्त्र घडविले, त्या दिवसापासून ते भलत्याच्या हाती पडू नये ही काळजीही त्याच्या मागे लागली असली पाहिजे. तलवारीसाठी म्यान आले, बंदुकीच्या चापाला अडसर आला, शस्त्रागाराच्या दाराला कुलूप आले. महाभारतकारांची कल्पनाशक्ती तर याच्याही पुढे गेली. ब्रह्मशिर अस्त्र कोणत्याही पेटीत बंद करून ठेवलेले नव्हते. ज्याला त्याची विद्या मिळाली होती त्यालाच ते सोडता येत असे. इतरांच्या हाती ती केवळ गवताची काडी. अनधिकृत हाताला निरुपयोगी ठरणारे असेच शस्त्र आजचे विज्ञान प्रयोगशाळेत घडवू पाहत आहे.

या शस्त्राला ‘स्मार्ट गन’ म्हणतात. आपण तिला शहाणी बंदूक म्हणू. तिची कल्पना समजायला सोपी आहे. बंदुकीच्या मुठीत मालकाच्या बोटांचे ठसे ओळखणारे यंत्र बसवायचे. किंवा मालकाच्या मनगटावरील घड्याळातून, बोटातील अंगठीतून निघणारी रेडिओलहर जवळ असेल तरच चाप मोकळा होईल अशी योजना करायची. मग घरातील मूल असो, चोर असो की झटापटीत शस्त्र हिसकावून घेणारा गुन्हेगार असो, त्याने चाप ओढला तरी बंदूक मुकी राहते. यातील तंत्र नवे असले तरी हेतू जुनाच आहे. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८८७ च्या सुमारास एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले होते. त्याची मूठ घट्ट आवळल्याखेरीज गोळी सुटत नसे. लहान मुलाच्या हाताला एवढा जोर नसतो, हा त्यामागील विचार होता.

या विषयाचा गंभीर अभ्यास सुरू झाला तो १९९० नंतर. झटापटीत पोलिसाचेच शस्त्र हिसकावून त्याचाच जीव घेतला जातो, ही त्या अभ्यासामागील चिंता होती. अमेरिकन सरकारच्या साहाय्याने सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळेने या प्रश्नावर संशोधन केले आणि १९९६ मध्ये आपला अहवाल सादर केला. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने क्लिंटन सरकारशी करार करून असे तंत्र विकसित करण्याचे मान्य केले. तेव्हा बंदूकप्रेमी ग्राहकांनी त्या कंपनीवरच बहिष्कार घातला. न्यू जर्सी राज्याने २००२ मध्ये कायदा केला की, अशी बंदूक एकदा बाजारात आली म्हणजे काही वर्षांनी राज्यात तिच्याशिवाय दुसरे पिस्तूल विकता येणार नाही. या कायद्याचा परिणाम मात्र उलटा झाला. अशी पहिली बंदूक विकली गेली तर सक्ती सुरू होईल, या भीतीने ती विकूच नये असा दबाव वाढला. २०१४ मध्ये मेरीलँड राज्यातील एका दुकानदाराने आर्मॅटिक्स या जर्मन कंपनीचे घड्याळावर चालणारे पिस्तूल विकण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने तो विचार सोडून दिला. अखेर २०१९ मध्ये न्यू जर्सीने तो जुना कायदा बदलला. दरम्यान २०१७ मध्ये एका तंत्रज्ञाने काही स्वस्त चुंबके बाजूला धरून तेच आर्मॅटिक्स पिस्तूल घड्याळाविना चालवून दाखविले होते. २०२३ मध्ये बायोफायर नावाच्या कंपनीने बोटांचे ठसे आणि चेहरा या दोन्हींवरून मालकाला ओळखणारे पिस्तूल जाहीर केले. वाद मात्र मिटलेला नाही.

या वादाचे वैशिष्ट्य असे की, शहाण्या बंदुकीवर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतला जातो. बंदूक बाळगण्याच्या हक्काचे कैवारी म्हणतात की, हाताला घाम, चिखल वा रक्त लागले आणि यंत्राने मालकालाच ओळखले नाही, तर संकटाच्या क्षणी ते शस्त्र काय कामाचे? विजेचा घट संपला तर? बंदुकीवर नियंत्रण मागणाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ते म्हणतात, ‘सुरक्षित’ असा शिक्का बसला की, ज्यांनी भीतीपोटी आजवर बंदूक घरात आणली नाही तेही ती आणतील. शिवाय अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने जे ४८,८३० मृत्यू झाले, त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. यांतील कितीतरी हात स्वतः मालकाचेच असणार. मालकाच्या हाताला शहाणी बंदूक अडवीत नाही. तिचे सारे शहाणपण मालकाला ओळखण्यातच संपते.

आपल्याकडील वाचक येथे थांबून विचारील, ‘हा परक्या देशाचा वाद. पालघर-बोईसरच्या माणसाला त्याचे काय?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात बंदूक हा नागरिकाचा हक्क मानलेला नाही. ब्रिटिशांनी १८७८ चा शस्त्र कायदा केला तो प्रजेला निःशस्त्र ठेवण्यासाठी. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला आणि परवान्याची अट कायम ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतील अशी मर्यादा घातली. तेव्हा घरोघरी बंदूक हा आपला प्रश्न नाही. आपल्या डोळ्यांसमोर जी बंदूक येते ती बहुधा दुसऱ्याच्या रक्षणासाठी पगारी माणसाच्या खांद्यावर दिलेली असते: बँकेच्या दारातील पहारेकरी, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या फाटकावरील केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान, पालघर स्थानकाच्या फलाटावरील रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई. म्हणजे आपल्याकडे बंदूक जवळजवळ नेहमीच ‘अधिकृत’ हातात असते. शहाण्या बंदुकीच्या समर्थकांना जी अवस्था आणावयाची आहे, ती बऱ्याच अंशी आपल्याकडे आधीच आहे. म्हणूनच त्या अवस्थेत काय उरते, हे आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसू शकते.

आणि ते आपल्याच रेल्वेमार्गावर दिसलेही आहे. ३१ जुलै २०२३ रोजी पहाटे जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या सुपरफास्ट एक्स्प्रेसने पालघर स्थानक ओलांडल्यानंतर, गाडीच्या रक्षणासाठी नेमलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठावर, एका साहाय्यक उपनिरीक्षकावर, गोळ्या झाडल्या आणि मग वेगवेगळ्या डब्यांतील तीन प्रवाशांना ठार केले. ते तिन्ही प्रवासी मुसलमान होते. आरोपपत्रात खुनाबरोबरच धर्माच्या कारणाने वैर पसरविल्याचे कलमही लावण्यात आले. अपराधाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्या पथकातील एका सहकाऱ्याने पोलिसांना दिलेल्या आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या जबानीचा.

त्या जबानीनुसार, शिपायाने आपल्याला बरे वाटत नाही, वाटेत वलसाडला उतरू द्यावे, असे सांगितले होते. कामाचे थोडेच तास उरले आहेत, मुंबईपर्यंत थांब, असे त्याला समजाविण्यात आले. सहकाऱ्याने त्याला बाकावर पडायला सांगितले आणि त्याची रायफल आपल्याजवळ ठेवली. थोड्याच वेळाने तो उठला, रायफल मागू लागला आणि नकार मिळताच सहकाऱ्याचा गळा धरून त्याने रायफल हिसकावून घेतली. पण ती त्याची स्वतःची नव्हती. ती सहकाऱ्याची होती. ही गोष्ट ध्यानात आल्यावर रायफलींची अदलाबदल झाली. सहकाऱ्याची सहकाऱ्याला मिळाली, त्याची त्याला मिळाली. पुढचा अनर्थ त्यानंतरचा आहे.

त्या डब्यात शहाण्या बंदुका असत्या तर काय झाले असते? पहिल्या झटापटीत हिसकावलेली रायफल त्याच्या हाती मुकी राहिली असती. एवढ्यापुरते यंत्राने आपले काम चोख केले असते, आणि तो क्षणाचा विलंब कदाचित मोलाचा ठरला असता, हेही मान्य केले पाहिजे. परंतु अदलाबदलीनंतर? त्याच्या स्वतःच्या रायफलीने त्याची बोटे ओळखली असती आणि आज्ञा पाळली असती. यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर त्या क्षणी चूक दुरुस्त झाली होती: ज्याची रायफल त्याच्या हाती गेली होती. शस्त्रागाराच्या नोंदवहीप्रमाणेही सारे बरोबर होते. आणि नेमक्या त्याच क्षणी ती गाडी सर्वांत असुरक्षित झाली होती.

मुंबईच्या परिसरात २०२४ च्या फेब्रुवारीत घडलेल्या दोन घटना एकमेकींच्या शेजारी ठेवल्या म्हणजे हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने स्पष्ट होते. ८ फेब्रुवारीला बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. मारेकऱ्याने नंतर स्वतःलाही संपविले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते. मारेकरी नावाने आपल्याच समाजातला होता, हे आपण विसरू नये. हिंसेचे खापर नेहमी दुसऱ्या समाजाच्या डोक्यावर फोडण्याची सवय त्यामुळे थोडी तरी सुटेल. ते पिस्तूल शहाणे असते तर ही हत्या कदाचित टळली असती. परंतु त्याच्या सहाच दिवस आधी, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या खोलीत, एका लोकप्रतिनिधीने आपल्या परवान्याच्या शस्त्रातून प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. तेथे शस्त्र मालकाचे, हात मालकाचा, परवाना सरकारचा आणि जागा पोलिसांची होती. शहाण्या बंदुकीने तेथे कोणाला अडविले असते?

पहिल्या घटनेकडे पाहून असे यंत्र हवेच असे वाटते. दुसरीकडे पाहून ते व्यर्थ वाटते. विचारी माणसाने दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या पाहिजेत.

यंत्र व्यर्थ आहे असे म्हणून त्याला उडवून लावण्याचा मोह धार्मिक मनाला विशेष होतो. ‘माणसाचे हृदय बदलले पाहिजे, कुलपांनी काय होणार?’ असे आपण व्यासपीठावरून सहज म्हणून जातो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराला हे वाक्य ऐकवून पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्याचे एकविसावे कलम सांगत असे की, यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण असलेच पाहिजे. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर दोन बटणे दोन हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय दट्ट्या खाली येत नाही, अशी योजना कित्येक ठिकाणी असते. कारण दोन्ही हात बटणावर असले म्हणजे एकही हात साच्यात राहत नाही. ‘कामगाराने सावध राहावे, म्हणजे झाले’ असे म्हणून जो मालक हे कुंपण काढून टाकतो, तो कामगाराच्या नीतिमत्तेची काळजी वाहत नसतो. तो खर्च वाचवीत असतो. माणूस थकतो, चुकतो, रागावतो, हे गृहीत धरून रचना करणे हा माणसाचा अपमान नव्हे. ती त्याच्या दुर्बलतेची दया आहे.

आपल्या नीतिशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. पापापासून दूर राहण्याबरोबरच पापाच्या निकट प्रसंगापासूनही दूर राहण्याचा निश्चय आपण प्रत्येक पापनिवेदनाच्या वेळी करतो. भरलेली आणि कोणाच्याही हाती चालणारी बंदूक घरात उघड्यावर ठेवणे म्हणजे मुलासाठी, भांडखोर भावासाठी, निराश झालेल्या तरुणासाठी असा निकट प्रसंग मांडून ठेवणे होय. १९९४ मध्ये न्याय आणि शांती यांसाठीच्या व्हॅटिकनच्या मंडळाने शस्त्रास्त्रांच्या व्यापारावर एक पत्रक काढले होते. शस्त्र ही बाजारातील इतर मालासारखी वस्तू मानता येत नाही, हा त्याचा आशय होता. जी वस्तू इतर वस्तूंसारखी नाही, तिच्या निर्मात्याची जबाबदारीही विक्रीच्या पावतीबरोबर संपत नाही. म्हणून शस्त्राला अधिक चांगले कुलूप बसविता येत असताना ते न बसविणे, हा केवळ तांत्रिक निर्णय नव्हे; तो नैतिक निर्णय आहे. शहाण्या बंदुकीच्या बाजूने एवढे निःसंकोच म्हणता येते.

आक्षेपाचा खरा मुद्दा यापुढे सुरू होतो. ते यंत्र एकाच प्रश्नाचे उत्तर देते: हा हात कोणाचा? आणि उत्तर मिळाले की, त्या हाताला ते सर्वस्वी शरण जाते. म्हणजे ‘अधिकृत’ या एका शब्दावर सारा भार येऊन पडतो. हा शब्द तो भार सोसू शकतो काय?

पालघर शहराच्या मध्यभागी उभा असलेला हुतात्मा स्तंभ आपल्याला सावध करतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण धारातीर्थी पडले. त्या दिवशी एकही बंदूक चोरीची नव्हती. प्रत्येक बंदूक सरकारी नोंदीतली होती, प्रत्येक हात नेमणुकीचा होता, सत्ता कायद्याने प्रस्थापित झालेली होती. तरीही आज आपण फुले वाहतो ती ज्यांच्यावर नेम धरला गेला त्यांना. अधिकाराने कृत्य कायदेशीर ठरते. न्याय्य ठरत नाही. यंत्राला हा फरक कळण्याचा कोणताही मार्ग नाही, कारण तो हाताच्या ठशात नसतो.

याच जिल्ह्यातील गडचिंचले गावाने दुसरी बाजू दाखवून दिली. १६ एप्रिल २०२० च्या रात्री तेथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले. चोर आले, मुले पळविणारे आले, अशा अफवांनी त्या भागातील मने आधीच पेटली होती. मारणाऱ्यांच्या हाती काठ्या आणि दगड होते. काठीला कोणते कुलूप लावणार? समोरचा मनुष्य कोण आहे हे पाहण्याची इच्छाच मेली, म्हणजे हाताला मिळेल ते शस्त्र होते.

या दोन घटनांत आणि त्या गाडीतील घटनेत एक समान धागा आहे. शस्त्राला आपला धनी ओळखता आला. धन्याला समोरचा मनुष्य ओळखता आला नाही. त्याला मोर्चेकरी दिसला, परका दिसला, विशिष्ट पोशाखाचा वा दाढीचा मनुष्य दिसला. आपल्यासारखाच कोणाचा तरी पिता, कोणाचा तरी पुत्र दिसला नाही. बायबलमधील पहिला खून बंदुकीने झाला नाही. काइनाने जे नाकारले ते भावाचे भाऊपण होते, आणि परमेश्वराने त्याला विचारले तेही हत्याराविषयी नव्हे, तर भावाविषयी. शस्त्राविषयीच्या प्रत्येक चर्चेत आपण हा क्रम विसरतो. आपण विचारतो, शस्त्र कोणाच्या हाती आहे? परमेश्वर विचारतो, तुझा भाऊ कोठे आहे?

याचा अर्थ शस्त्र हाती धरणे हेच पाप, असा नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आत्मसंरक्षणाविषयी जो विचार मांडला त्यात हेतूचा आणि प्रमाणाचा विवेक आहे: स्वतःचा जीव वाचविणे हा हेतू असावा, मारणे हा नसावा, आणि वापरलेला जोर गरजेपेक्षा अधिक नसावा. ज्यांच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी संरक्षण हे कर्तव्यही ठरते, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. मध्यरात्री सुनसान डब्यात प्रवास करणाऱ्या स्त्रीला शिपायाच्या रायफलीचा आधार वाटतो, आणि तो वाटावा. पण अक्वायनसांच्या या विवेकातील प्रत्येक पायरी, म्हणजे हेतू, गरज आणि प्रमाण, क्षणोक्षणी मनाला तोलावी लागते. ती एकदाच बोटाचा ठसा देऊन भागत नाही.

येथे पुन्हा महाभारताकडे वळावेसे वाटते. द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला दिले. अश्वत्थाम्याने हट्ट धरला तेव्हा त्यालाही दिले. पण मुलाचे मन चंचल आहे हे पिता जाणून होता. म्हणून माणसांवर हे अस्त्र सोडू नकोस अशी आज्ञा त्यांनी दिली. म्हणजे विद्या होती, अधिकार होता, आज्ञाही होती. पुढे युद्ध संपल्यावर, सूडाने आंधळा झालेल्या अश्वत्थाम्याने ते अस्त्र सोडले, आणि मागे घ्या असे ऋषींनी सांगितले तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता आले नाही. शेवटी ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडले. दोघांचाही अधिकार सारखाच होता. फरक सोडण्याच्या विद्येत नव्हता, आवरण्याच्या सामर्थ्यात होता. आणि अश्वत्थाम्याइतकाच प्रश्न द्रोणाचार्यांनाही विचारला पाहिजे: मन कच्चे आहे हे ठाऊक असताना दिलेस कशाला?

हा प्रश्न आज समाजाने स्वतःला विचारण्याचा आहे. आपण ज्याला शस्त्र देतो त्याची चौकशी एकदा होते. शस्त्र त्याच्याजवळ वर्षानुवर्षे राहते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे खाजगी परवाना मागणाऱ्याला शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा दाखला द्यावा लागतो. पण मनाचे स्वास्थ्य हे जन्मतारखेसारखे एकदा नोंदवून ठेवण्याचे नव्हे. ते झोपेवर, कर्जावर, घरातील भांडणावर, वरिष्ठाच्या बोलण्यावर, आणि हो, रोज कानांवर पडणाऱ्या द्वेषाच्या भाषणांवर अवलंबून असते. आपल्या धर्मग्रामांतील, पाड्यांतील किती तरुण आज पहारेकऱ्याचा, पोलिसाचा, सुरक्षा दलाचा गणवेश घालतात. बारा बारा तास उभे राहून ते आपले रक्षण करतात. त्यांच्यापैकी एखादा ‘मला आज बरे वाटत नाही’ असे म्हणाला, तर आपल्या कानांना काय ऐकू येते? बहुधा कामचुकारपणा. त्याने बंदूक खाली ठेवतो असे म्हटले तर नोकरीवर गदा येईल, मित्र हसतील, पुरुषार्थाला बट्टा लागेल, अशी त्याला भीती वाटते. म्हणून तो ती खांद्यावरच ठेवतो.

माझ्या मते शस्त्राचे सर्वांत मोठे कुलूप येथे हवे आहे. शस्त्रधारी मनुष्याला कोणत्याही क्षणी, कारणाची झाडाझडती न होता, शस्त्र खाली ठेवण्याची मुभा असली पाहिजे. आणि त्याच्या शेजारच्या सहकाऱ्याला, वरिष्ठाला, ते त्याच्याकडून काढून घेण्याचा केवळ हक्कच नव्हे, तर ती सवय आणि ते धैर्य असले पाहिजे. यामुळे द्वेषाचे पाप सौम्य होत नाही. आजारी असलेला प्रत्येक मनुष्य धर्म पाहून माणसे मारीत नाही. तो विखार कोठूनतरी शिकलेला असतो आणि त्याचा जाब त्यालाही द्यावा लागतो, शिकविणाऱ्यांनाही. पण मन बिघडलेले असताना बंदूक हाती न राहणे, एवढी व्यवस्था तर माणसांच्या हातची आहे.

तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे पाहावे. १९६९ मध्ये सुरू झालेले ते आपल्या देशातील पहिले अणुवीज केंद्र. अशा केंद्राची सुरक्षितता कोणत्याही एका कुलपावर वा एका माणसावर सोपविलेली नसते. एक अडथळा निकामी झाला तर दुसरा, दुसरा झाला तर तिसरा, अशी एकात एक रचना असते. यंत्रावर माणसाची नजर असते आणि माणसावर दुसऱ्या माणसाची. ज्या शक्तीने अनर्थ होऊ शकतो, ती एका हाती निर्धास्तपणे सोपवायची नाही, ही तेथील शिस्त आहे. एका बंदुकीची शक्ती अणुभट्टीएवढी नाही हे खरे. पण जो मारला जातो त्याच्यापुरते सारे जगच संपते. मग बंदुकीबाबत आपण एका ठशावर विसंबून का राहावे? शहाणी बंदूक ही त्या रचनेतील एक भिंत व्हावी. तिच्या भोवती नियमांची, वरिष्ठांच्या जागरूकतेची, सहकाऱ्याच्या मायेची आणि द्वेषमुक्त समाजाची भिंत नसेल, तर ती एकटी भिंत आपल्याला खोटा दिलासा देईल. आणि खोटा दिलासा हा धोक्याहून धोकादायक असतो.

गेथशेमाने बागेत त्या रात्री शिष्यांपाशी तलवार होती. प्रभूला धरायला आलेल्यांवर पेत्राने ती उपसली. त्याच्या मनात निष्ठा होती, हेतू रक्षणाचा होता, आणि ज्याचे रक्षण करायचे तो तर स्वतः देवाचा पुत्र होता. शस्त्र चालविण्याचा याहून मोठा अधिकार कोणाला लाभणार? तरीही त्याचा वार पडला तो प्रमुख याजकाच्या एका दासावर, त्याच्या कानावर. त्या दासाने धाडीचा हुकूम दिला नव्हता. तोही हुकमाचा ताबेदारच होता. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली. मग लूक सांगतो त्याप्रमाणे त्या दासाच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात राहतात. पहिली म्हणजे म्यान. प्रभूने त्याची अवहेलना केली नाही. शस्त्राला म्यान हवेच. आजचे वैज्ञानिक अधिक चांगले म्यान घडवीत असतील तर त्यांचे स्वागत असो. दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातील आहे. त्या गोंधळात, अंधारात, धरपकडीत, ज्याच्यावर वार झाला त्या सामान्य दासाचे नाव योहानाने आठवणीने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव मल्ख होते. पेत्राला तलवार उपसताना ते नाव ठाऊक होते की नाही कोण जाणे. वार करणाऱ्याला नावाची गरज नसते. डहाणू लोकलच्या डब्यात रोज आपल्या शेजारी बसणाऱ्या माणसाचे नाव, गाव, दुखणे-खुपणे आपण विचारीत जाऊ, तर रक्षणासाठी दिलेल्या हातातील शस्त्र म्यानात राहण्याची शक्यता तेवढीच वाढेल.